एका कानाचं गाणं

नूरुन्निसाला आवाज ऐकू यायचा, पण तो कुठून येतो हे तिला कधी कळायचं नाही.

लहानपणी तिला गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल सुजले, ताप चढला, आणि ताप उतरला तेव्हा डावा कान गेलेला होता. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मग एकदा तिच्या अम्मीनं परसातून हाक मारली, तर पोरगी उलट रस्त्याकडे धावत सुटली. पुन्हा हाक मारली तर उभी राहून आभाळाकडे बघायला लागली.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचे. जव्हारच्या बाजारामागं जो उतार आहे, त्या उतारावर आमची गल्ली. नूरआपा माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठी. एकदा मी तिला विचारलं, "एका कानानं कसं वाटतं गं?"

ती म्हणाली, "तुझा कावळा झाडावर बसून ओरडतो. माझा नुसता ओरडतो."

पावसाळ्यात आमच्याकडं धुकं घरात शिरतं. खिडकीतून येतं, चुलीपाशी घोटाळतं आणि दारातून निघून जातं. अशा दिवसांत समोरचं माणूस दिसत नाही. डेपोतून गाडी निघाल्याचा घरघराट येतो, पण तो वरून येतोय की खालच्या दरीतून, ते कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा आम्ही सगळेच नूरआपासारखे होऊन जायचो. ती मात्र तेव्हा अगदी निवांत असायची. पायरीवर बसून, उजवा गाल हातावर टेकून ऐकत राहायची. बकऱ्याच्या गळ्यातली घंटा, कुणाचं खोकणं, कुऱ्हाडीचा घाव. सगळं एकाच ठिकाणाहून यायचं म्हणे, तिच्या कपाळाच्या आतून.

तिचे अब्बा, युसुफचाचा, आधी भांड्यांना कल्हई लावायचे. कथील, निखारे आणि भाता एवढंच त्यांचं दुकान. साठ-एकसष्टच्या सुमाराला त्यांनी कुठूनसा एक अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे आणले, आणि मोखाड्यापर्यंतच्या लग्नांत ते वाजवायला लागले. अॅम्प्लिफायरला काचेचे व्हॉल्व्ह होते. ते तापायला वेळ घ्यायचे. आधी आत विझत्या निखाऱ्यासारखा लालसर उजेड पडायचा, मग गुणगुण, आणि मग कुठं आवाज.

युसुफचाचांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं असं लोक म्हणायचे. पण तसं नव्हतं. तिला त्या उजेडासमोरून उठवणंच कठीण होतं. कथील तिच्या घरातलंच, त्यानं तारा जोडणं, म्हणजे डाग देणं, तिला लवकर आलं. पुढं लोक रेडिओही दुरुस्तीला आणायला लागले. स्पीकरमधून नीट आवाज येतो की नाही हे ती बोटांनी बघायची. स्पीकरच्या काळ्या कागदावर बोटाचं टोक हलकेच टेकवायचं आणि डोळे मिटायचे.

"काय म्हणतो?" चाचा विचारायचे.

"सर्दी झालीय त्याला," ती सांगायची. मग चाचा तो कागद निरखून बघायचे, तर खरंच कुठंतरी दमट होऊन सुटलेला असायचा. कधी ती चुकायचीही. तेव्हा दोघं हसायची.

तिचं लग्न जहीरभाईंशी झालं. ते आमच्याच गावचे. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले आणि तो दुरुस्त झाल्यावरही येत राहिले. नूरआपाचा कान त्यांना ठाऊक होता. निकाहनंतर दोघं सनसेट पॉइंटकडं फिरायला निघायची तेव्हा जहीरभाई नेहमी तिच्या उजव्या बाजूनं चालायचे. रस्ता वळला, उतार आला, समोरून बैलगाडी आली, तरी न चुकता वळसा घालून पुन्हा उजवीकडं. बायका पदराआडून हसायच्या. मला मात्र ते बघायला फार आवडायचं.

मूलबाळ झालं नाही. ऐंशी साल उजाडायच्या आधी जहीरभाई कुवेतला गेले. तिथं एका दुकानात त्यांना काम मिळालं. लोकांच्या घरी जाऊन गाण्याची यंत्रं जोडून द्यायचं काम. तिथून ते चिठ्ठ्या लिहीत नसत, कॅसेट पाठवत. कॅसेट आली की नूरआपा दुपारी दार लोटून घ्यायची, टेपरेकॉर्डर घेऊन बसायची आणि त्याच्या स्पीकरची जाळी उजव्या कानाला लावायची. जहीरभाई बोलायचे ते तिच्याशी, पण मागं त्यांचं सगळं शहर वाजायचं. पंखा, मोटारी, कुणीतरी अरबीत मोठ्यानं हसणारं. शेवटी ते एखादं गाणं भरून पाठवायचे. "हे ऐक, नूर. इथं एका साहेबाच्या हवेलीत ऐकलं. दोन बाजूंनी येतं, मधे बसलं की असं वाटतं, आपण गाण्याच्या आत बसलोय. तुला एकदा ऐकवीनच."

मग चाचा गेले. कल्हईचा भाता माळ्यावर गेला आणि घराच्या पुढच्या खोलीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नूरआपा एकटीनं चालवायला लागली. पाड्यांवरची माणसं आठवड्याच्या बाजाराला रेडिओ घेऊन उतरायची. त्यातच सूर्यमाळची धोंडीबाई पहिल्यांदा आली. डोक्यावर पाटी, पाटीत पळसाच्या पानांत गुंडाळलेला रेडिओ, वर करवंदं. रेडिओच्या पोटात मुंग्यांनी घर केलं होतं. नूरआपानं तो उघडला आणि मुंग्या बाहेर पडेपर्यंत दोघी हसत बसल्या. धोंडीबाई वारली जमातीची, तिची बोली वेगळी. मराठी ती अडखळत बोलायची. पण दर बाजाराला येऊन बसायला लागली, आणि काही वर्षांत नूरआपा तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायला लागली. मला त्यातलं अर्धंच कळायचं. दुकानात बसलं की असं वाटायचं, दोन पाखरं बोलताहेत.

सत्त्याऐंशीच्या भाद्रपदात जहीरभाई परत आले.

धुक्यातून जीप आली तेव्हा आधी नुसते दिवे दिसले. मग खोकी उतरली, एकावर एक. मग ते स्वतः उतरले. केस पांढरे झाले होते, अंगाला अत्तराचा वास. नूरआपा दारात उभी होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी भेटणारी माणसं जशी एकदम कामाचं काहीतरी बोलतात तसं ती म्हणाली, "खोकी ओली होतील, आत घ्या."

पुढचे काही दिवस गल्लीतले लोक त्यांनी आणलेलं गाण्याचं यंत्र बघायला येत होते. चंदेरी रंगाचं, पातळ, आणि बोट लावलं की त्याची जीभ बाहेर यायची. त्या जिभेवर आरशासारखी तबकडी ठेवायची. तिला सुई लागत नाही, उजेडानं वाचतात म्हणे. त्याच्यासोबत एक मोठा अॅम्प्लिफायर, दोन स्पीकरच्या पेट्या आणि मखमली खोक्यात ठेवलेला हेडफोन. तिकडची चौकोनी पायांची पिन आमच्या गोल भोकांत बसेना, ती नूरआपानं कापून दुसरी बसवली. घरात दोघं फारसं बोलायची नाहीत. जहीरभाईंना तिकडच्या वेळेची सवय होती, जेवणाची सवय होती. ते खाटेवर नूरआपाच्या डाव्या बाजूला बसून पावसाच्या आवाजात हळूहळू काहीबाही सांगत राहायचे आणि ती समोर बघत राहायची. त्यांना वाटायचं, ती रुसलीय. आणि ह्या बाजूला येऊन बसा हे सांगायला तिची जीभ रेटायची नाही. जे पूर्वी कधी सांगावं लागलं नव्हतं, ते आता कसं सांगायचं?

एका दुपारी पाऊस थांबला होता आणि वीजही बऱ्यापैकी होती. जहीरभाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. मी त्यांच्या दारात तांदूळ निवडत होते.

"नूर, डोळे मीट," ते म्हणाले. "ह्याच्यासाठीच मी तिकडं राहिलो असं समज."

त्यांनी हेडफोन खोक्यातून काढला, तिचा पदर जरा मागं सारला आणि दोन्ही कानांवर नीट बसवला. तबकडी आत गेली. आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता. आधी भुवया वर गेल्या, मग ओठ सैल झाले, मग तिचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. जहीरभाई तिच्यासमोर उकिडवे बसून तिच्याकडं बघत होते. एखादं झोपलेलं मूल जागं होताना बघावं तसे.

बराच वेळ गेला. मग डोळे न उघडता ती म्हणाली, "किती सुंदर वाजवतो हा तबलजी."

"आहेच."

"पण एकटाच का वाजवतो? मधूनमधून थांबतो. कुणी उत्तर देईल म्हणून वाट बघितल्यासारखा. कुणीच देत नाही. मग पुन्हा वाजवतो."

जहीरभाई हसले. "एकटा कुठं? सारंगी आहे की. सारंगी डावीकडून..."

ते तिथंच थांबले. त्यांचा चेहरा असा उतरला की मी हातातलं सूप खाली ठेवलं. सारंगी सगळी डाव्या कानात वाजत होती. नूरआपाच्या त्या कानात लहानपणच्या त्या तापापासून काही वाजलंच नव्हतं. तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडं पाहिलं, आणि तिलाही कळलं.

"छान आहे," ती म्हणाली. "खरंच छान आहे."

त्यांनी हेडफोन हलकेच काढून घेतला, खोक्यात ठेवला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. चार पावलांवर ते दिसेनासे झाले.

त्यानंतर जहीरभाई दुपारभर घरी नसायचे. जयसागर धरणाच्या पाण्याकाठी जाऊन बसतात असं कुणीतरी सांगितलं. यंत्रावर चादर पडली. नूरआपा मला एवढंच म्हणाली, "तिकडं साहेबांच्या घरी रोज हे जोडताना ते मनात मला तिथं बसवत असतील. मनातल्या माणसाला दोन्ही कान असतात गं. त्यात त्यांचा काय दोष?"

पण त्या तबलजीनं तिची पाठ सोडली नाही. तो थांबायचा ती जागा तिच्या डोक्यात रिकामीच राहिली होती. म्हणून एका दुपारी तिनं चादर काढली आणि यंत्र उलटं फिरवून त्याची पाठ बघितली.

पाठीमागं तार लावायची भोकं होती. एक जोडी शेजारीशेजारी, एक लाल, एक पांढरं. ती उजव्या-डाव्याची, हे तिला माहीत होतं. आणि त्यांच्यापासून लांब, कोपऱ्यात, आणखी एकच भोक होतं. त्याच्याभोवती नारिंगी कडं. खाली इंग्रजी अक्षरं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण तिनं विचार केला, जोडी आहे ती दोन कानांच्या माणसांसाठी. हे एकटं आहे. बनवणाऱ्यानं माझ्यासारख्या कुणाचा तरी विचार करून ठेवला असेल. ह्याच्यातून दोन्ही एकत्र येत असणार.

तिनं जाळीचं आवरण असलेली तार काढली, एका टोकाला तशी पिन लावली आणि दुसरं टोक अब्बांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडलं. व्हॉल्व्ह तापू दिले. आवाज अगदी कमी ठेवला आणि तबकडी सुरू केली.

गाणं आलं नाही. तबला नाही, सारंगी नाही. आली ती एक बारीक सळसळ, न तुटणारी, न चढणारी, न उतरणारी. सुपातून नाचणी पाखडतात ना, तसली. पण त्या सुपाला अंत नव्हता.

दुसरी कुणी असती तर तिनं तार उपटून टाकली असती. नूरआपा ऐकत बसली. मला तिनं नंतर सांगितलं, त्या सळसळीत बसल्यावर तिला वाटायचं, आपण साल्हेरसारख्या मोठ्या डोंगराच्या पोटात आहोत आणि वर, खूप वर, माणसं बोलताहेत. शब्द कळत नाहीत, पण बोलणं चाललंय एवढं नक्की. तबकडी थांबवली की सळसळ जराशी बदलायची, पुन्हा लावली की पुन्हा तशीच. म्हणजे ती नुसती खरखर नव्हती. तिच्यात काहीतरी होतं. दुसऱ्या दुपारी ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशीही.

बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या दारात सूप घेऊन बसले होते, तेव्हा धोंडीबाई आली, पाटी उतरवली आणि कान देऊन उभी राहिली.

"ह्या काय वाजं?"

"गाणं आहे म्हणतात," नूरआपा म्हणाली.

धोंडीबाई स्पीकरजवळ वाकली. "वाळवी हाय," ती शेवटी म्हणाली. "सुक्या पानांखाली वाळवी चालं ना, तशी. लई हायत."

तेवढ्यात जहीरभाई आत आले. पावसानं त्यांना काठावरून उठवलं होतं. दारातच ते थबकले. "हे काय लावलंयस?" त्यांनी मागं वाकून बघितलं, नारिंगी कड्यात घुसलेली पिन बघितली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "अगं, हे डिजिटलचं भोक आहे!"

"म्हणजे काय?"

ते सांगायला लागले, आणि सांगता सांगता खाली जमिनीवर बसले. तिच्या समोर.

"ह्या तबकडीवर गाणं नाही, नूर. गाण्याचे आकडे आहेत. आपल्या जुन्या रेकॉर्डवर आवाजाची लाट कोरलेली असायची. इथं ती लाट मोजून ठेवलीय. आत्ता किती उंच, आत्ता किती, आत्ता किती. एका सेकंदात चाळीस हजारांहून जास्त वेळा मोजतात. यंत्राच्या आत एक चिमुकला तुकडा आहे, तो हे आकडे वाचतो आणि त्यांची पुन्हा लाट करतो. ती लाट ह्या लाल-पांढऱ्यातून बाहेर येते. अब्बांच्या अॅम्प्लिफायरला तेवढीच समजते."

"आणि हे एकटं?"

"ह्याच्यातून आकडे तसेच्या तसे बाहेर जातात. लाट न करता. ज्याच्याकडं आकडे वाचणारं दुसरं, जास्त चांगलं यंत्र असेल त्याच्यासाठी. तार एकच, आपल्या टीव्हीच्या अँटेनाची असते तसली चालते. मी तिकडं दोन-तीन घरांत जोडलंय. वाटेत तारेत थोडीफार खरखर मिसळली तरी आकडा तो आकडाच राहतो, गाणं मळत नाही. फारच मिसळली तर मात्र एकदम तुटतं."

नूरआपा विचार करत होती. "धोंडीबाई तिच्या बोलीत बोलते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?"

"नुसता आवाज."

"पण ती तर शब्दच बोलत असते."

"तसंच," ते म्हणाले. "अगदी तसंच आहे हे."

"मग डावं-उजवं? ते ह्यात कुठं आहे?"

"दोन्ही ह्यातच आहेत. एक आकडा डाव्याचा, एक उजव्याचा, पुन्हा डाव्याचा. एकामागं एक, एकाच तारेतून."

नूरआपानं त्या स्पीकरकडं पाहिलं. सळसळ चालूच होती. "म्हणजे सारंगी ह्यात होती," ती हळू म्हणाली. "तीन दिवस मी सारंगीच ऐकत होते."

जहीरभाईंनी मान खाली घातली. धोंडीबाईला काय समजलं कुणास ठाऊक. ती उठली आणि म्हणाली, "मी जातां. गाडी जाईल." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

मग जहीरभाई बोलले. "मी विसरलो, नूर. कसा विसरलो ते मलाच कळत नाही. विमानातसुद्धा मी मनातल्या मनात तुझ्या शेजारी बसून तुझ्याशी बोलत होतो, आणि कुठल्या बाजूला बसलोय हे आठवलं नाही."

तिला राग आला होता, आणि तो तिनं त्या दिवशी लपवला नाही. "तुम्ही डाव्या बाजूला बसून बोलता," ती म्हणाली. "आल्यापासून. पावसाच्या आवाजात मला एक शब्द कळत नाही आणि तुम्हाला वाटतं मी रुसलेय. मी रुसलेही आहे. पण ते वेगळं."

"मग सांगायचंस."

"तुम्हीच ओळखायचं होतं."

बाहेर पन्हाळातून पाणी पडत होतं. जहीरभाई उठले. मला वाटलं, पुन्हा चपला घालताहेत. पण ते तिच्या कामाच्या मेजाकडं गेले आणि डबे उघडून बघायला लागले. "रेझिस्टन्स कुठं ठेवतेस?"

"कशाला?"

"लाल आणि पांढरं नुसतंच पिळून एकत्र जोडलं तर आतले दोन्ही भाग एकमेकांवर जोर लावतील. तसं करू नये. प्रत्येक तारेत जोर अडवणारा एकेक रेझिस्टन्स टाकायचा आणि मग पुढं दोघांना एक करायचं. मग डावं-उजवं मिसळून एकाच तारेत येतं. लाट म्हणूनच येतं. अब्बांच्या अॅम्प्लिफायरला समजेल असं."

"डाव्या हाताच्या डब्यात," ती म्हणाली. "सारखे दोन घ्या."

त्यांनी तार धरली आणि तिनं डाग दिला. राळेचा धूर दोघांच्या मधून वर गेला. तार हलू नये म्हणून तिनं आपल्या डाव्या हातानं त्यांचा हात मेजावर दाबून धरला. डाग थंड झाला तरी तो हात तिनं उचलला नाही. मी माझं सूप उचललं आणि घरी आले. समोरून मात्र मला सगळं ऐकू येत होतं.

आधी गुणगुण, व्हॉल्व्ह तापण्याची. मग तबला. चार मात्रा, पाच मात्रा, आणि तो थांबला. मी माझ्या चुलीपुढं कान देऊन बसले. आणि मग सारंगी आली. जुन्या स्पीकरमधून, जराशी घोगरी. जणू लांब चालून आलेली बाई दारात टेकून, दम न घेताच बोलायला लागली होती. तबला तिला उत्तर द्यायला लागला. ते दोघं किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. माझा भात करपला.

संध्याकाळी मी गेले तर नूरआपा स्पीकरच्या कागदावर बोट टेकवून बसली होती. डोळे लाल. "रडलीस?" मी विचारलं.

"नाही गं. ती रडत होती. मी नुसती सोबत केली."

जहीरभाई पुन्हा कुवेतला गेले नाहीत. दोघं मिळून दुकान चालवायला लागली. त्या दिवसांत घरोघरची मुलं आखातात जात होती. सुट्टीला येताना प्रत्येकजण काहीतरी वेगळंच यंत्र आणायचा, आणि एकाची पिन दुसऱ्यात बसायची नाही. कुणाची गोल, पाच काड्यांची, कुणाची लाल-पांढरी, कुणाची जाड, कुणाची बारीक. माणसं तारांचा गुंता घेऊन दुकानात यायची आणि जहीरभाई त्यांना समजावून सांगायचे, हे बोलणारं भोक, हे ऐकणारं, बोलणारं ऐकणाऱ्याला जोडायचं, बोलणारं बोलणाऱ्याला जोडलं तर दोघंही फुकट. नूरआपा तोवर तार बनवून द्यायची. कधी दोघांची वादावादी व्हायची, तीही तारांवरून. गल्लीला त्याची सवय झाली.

त्या सारंगीची नूरआपानं एक कॅसेट भरून ठेवली होती. थंडीत धोंडीबाई दोन-तीन बाजार आली नाही. पाय मुरगळून घरीच आहे असं सूर्यमाळच्या माणसांकडून कळलं. तेव्हा नूरआपानं टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चल." जहीरभाईंसकट आम्ही तिघं गाडीनं मोखाड्याला गेलो, तिथून पुढं मिळेल त्या जीपनं, आणि शेवटचा चढ चालत.

वर ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. सागाची-ऐनाची झाडं आणि मोकळं आभाळ. धोंडीबाई अंगणात पाय पसरून बसली होती. आम्हाला बघून तिनं एवढ्या मोठ्यानं हाक दिली की पाड्यावरच्या बायका गोळा झाल्या. त्यांनी आम्हाला चहा दिला. कोरा, गुळाचा. मग नूरआपानं टेप खाली शेणानं सारवलेल्या अंगणात ठेवला आणि बटण दाबलं.

एक म्हातारी भिंतीला टेकली. पाण्याला निघालेल्या दोघी हंडे काखेत घेऊन तशाच उभ्या राहिल्या. विहीर लांब होती, उशीर होत होता, पण त्या हलल्या नाहीत. एकीनं हंड्यावर बोटांनी तबल्याबरोबर टकटक करायला सुरुवात केली. दुसरीनं तिच्याकडं बघितलं आणि तिनंही.

थंडीनं असेल नाहीतर जुने म्हणून असेल, बॅटरीचे सेल उतरायला लागले. मला आधी वाटलं, मलाच झोप येतेय. सारंगी हळू झाली, जाड झाली, बाईची पुरुषासारखी झाली. तबल्याचे बोल लांब लांब पडायला लागले. जहीरभाई सेल बदलायला पुढं वाकले, तर नूरआपानं त्यांना खुणेनं थांबवलं. कारण हंड्यांवरची बोटंही हळू झाली होती. कुणी ठरवलं नव्हतं. म्हातारीची मान, धोंडीबाईचा हलणारा पंजा, अंगणातलं ऊन, सगळंच त्या आवाजाबरोबर मंद होत चाललं होतं. शेवटी सारंगीनं एक खोल, लांबलचक सूर धरला, आणि तो कधी संपला ते कुणालाच कळलं नाही. बायका तशाच होत्या, आणि एका हंड्यावर अजून कुणाचं तरी बोट वाजत होतं.